काचेच्या जुन्या निगेटिव्हवरून स्टिरिओ कार्ड करताना खोली उलटी का होते आणि डोळे का दुखतात

प्रश्न थोडक्यात असा: घरात जुना लाकडी होम्स स्टिरिओस्कोप निघाला, म्हणजे कार्डावर शेजारी शेजारी छापलेली दोन चित्रं भिंगांतून एकच खोल दृश्य म्हणून दाखवणारा व्ह्यूअर, त्याच्यासोबतची कार्डं मात्र वाळवीने संपवली होती. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तिथल्या यादवी युद्धाच्या मूळ काचेच्या निगेटिव्हचे मोठे स्कॅन सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत, म्हणून ते उतरवून घेतले, पॉझिटिव्ह केले, शेजारी शेजारी छापले आणि पुठ्ठ्यावर चिकटवले. एका कार्डात मागची झाडं पुढे आली आणि पुढची माणसं मागे खचल्यासारखी दिसली. दुसऱ्यात खोली, म्हणजे जवळ-लांबचा भास, बरोबर आहे, पण थोड्याच वेळात कपाळ ठणकायला लागतं. स्कॅन सदोष आहेत, की व्ह्यूअर बिघडलाय? पुढे भारताची चित्रंही करायचा विचार आहे.

स्कॅन चांगले आहेत. व्ह्यूअरही बहुधा ठीक असेल, तरी भिंगांवरून एकदा बोट फिरवून बघा. होम्सच्या व्ह्यूअरमधली भिंगं म्हणजे अर्धी कापलेली भिंगं असतात. त्यांची जाड कड कानाच्या बाजूला आणि पातळ कड नाकाच्या बाजूला हवी. कुणीतरी कधीतरी पुसायला काढून उलटी बसवली असतील, तर कुठलंच कार्ड नीट दिसणार नाही. ती बरोबर बसलेली असतील, तर तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ कार्डात आहे.

कार्डाचं कोडं सोडवण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. साध्या फोटोची प्रत काढताना आपण एका चित्राशी इमान राखतो. स्टिरिओ कार्डात दोन चित्रं असतात आणि खरा ऐवज असतो तो त्या दोघांमधला फरक. डाव्या आणि उजव्या डोळ्याच्या चित्रात प्रत्येक वस्तू किंचित आडवी सरकलेली असते, जवळची जास्त आणि लांबची कमी. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्ये दाखवून दिलं, की आपल्याला खोली जाणवते ती या सरकेतून. ही सरक जशीच्या तशी राखली तर कागद साधा असला, रंग थोडा फिका असला तरी कार्ड जिवंत होतं. ती बिघडली, तर महागडी छपाईही वाया जाते.

आता उलट्या खोलीकडे येऊ. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात प्रत्येक भिंग आपलं चित्र आपल्याच जागी उलटं पाडतं. वरचं खाली जातं, डावीकडचं उजवीकडे. पण भिंगं एकमेकांच्या जागा घेत नाहीत. कॅमेऱ्यामागे उभं राहून पाहिलं तर डाव्या भिंगाचं चित्र प्लेटच्या डाव्या अर्ध्यावर असतं आणि उजव्याचं उजव्या अर्ध्यावर. चित्रं सुलटी बघायची, तर अख्खी प्लेट खालची वर करून फिरवावी लागते. तशी फिरवली की माणसं पायांवर उभी राहतात, पण डावं चित्र उजवीकडे आणि उजवं डावीकडे जातं. म्हणजे अखंड प्लेटवरून सरळ काढलेल्या प्रतीत डाव्या डोळ्यापुढे उजव्या डोळ्याचं चित्र येतं. मेंदू ते प्रामाणिकपणे वाचतो आणि जवळचं लांब, लांबचं जवळ करून दाखवतो. तुमचं पहिलं कार्ड अशाच अखंड प्लेटवरून केलेलं असणार. दोन्ही अर्धं कापा, जागा बदला, बस्स.

त्या काळच्या छपाईवाल्यांना हे रोजचंच होतं. काही जण कागदावर प्रत काढून ती मधून कापायचे आणि अदलाबदल करून चिकटवायचे. काही जण काचेची निगेटिव्हच कापून दोन तुकडे करायचे, म्हणजे प्रत्येक प्रतीमागे कात्री चालवायला नको. म्हणूनच लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या कॅटलॉगमध्ये बऱ्याच नोंदींखाली लिहिलेलं दिसतं, की दोन प्लेटी मिळून एका स्टिरिओ जोडीचे डावे-उजवे भाग होतात, आणि त्यांच्या क्रमांकांपुढे ए आणि बी अशी अक्षरं असतात. हा संग्रह लायब्ररीने १९४३ मध्ये विकत घेतला. तोवर या काचा कितीतरी हातांतून गेल्या होत्या. तेव्हा अक्षरं वाटाड्या म्हणून वापरा, पण कोणतं चित्र कोणत्या डोळ्याचं याचा निकाल चित्रालाच विचारून लावा.

विचारायचं कसं, ते तुमच्या दुसऱ्या कार्डावर दाखवतो. छायाचित्रकार ॲलेक्झांडर गार्डनरने सप्टेंबर १८६२ मध्ये, यादवी युद्धातल्या अँटिएटमच्या रणभूमीवर काढलेलं डंकर चर्चचं चित्र घ्या. पुढे तोफखान्याचे मेलेले सैनिक, त्यांच्याजवळ दारूगोळ्याची दुचाकी गाडी, आणि मागे झाडांच्या कडेला ते लहानसं पांढरं चर्च. दोन्ही चित्रांत गाडीच्या चाकाची एक कड आणि तिच्या मागे दिसणारी एखादी लांबची खूण पकडा, चर्चचा कोपरा चालेल. ज्या चित्रात चाक त्या खुणेच्या मानाने जास्त उजवीकडे आहे, ते डाव्या डोळ्याचं. नाकापुढे बोट धरून एकेक डोळा मिटून पाहा, लगेच पटेल. ही परीक्षा कुठल्याही जोडीला लागू पडते आणि तिला कॅटलॉग लागत नाही.

याच्याच शेजारी आणखी एक सापळा आहे, आरशातल्या प्रतिमेचा. काचेच्या निगेटिव्हवर चित्र एकाच बाजूला असतं, कलोडियनच्या, म्हणजे काचेवर ओतलेल्या चिकट रसायनाच्या थरात. काचेच्या बाजूने बघितलं तर दृश्य सुलटं दिसतं, थराच्या बाजूने बघितलं तर आरशात दिसावं तसं. स्कॅन करताना थर नेहमी भिंगाकडेच ठेवायचा, कारण जुन्या हाताने घडवलेल्या काचेतून आरपार पाहिलं की तिच्या लहरी आणि तिच्यावरची धूळ चित्रात उतरते. मग संगणकावर चित्र आडवं पलटायचं. अभिलेखागारं हे करूनच फाइल देतात, पण घरातल्या जुन्या काचा तुम्ही स्वतः स्कॅन कराल तेव्हा हे लक्षात ठेवा.

पलटण्यातली गोम अशी. प्रत्येक अर्ध स्वतंत्रपणे पलटलं आणि जागा तशाच ठेवल्या, तर खोली उलटी होते. दोन्ही अर्धं शेजारी ठेवून अख्खी जोडी एकदम पलटली, तर खोली शाबूत राहते आणि दृश्य मात्र आरशातलं होतं. दुसरा प्रकार जास्त फसवा. कार्ड व्ह्यूअरमध्ये छान दिसतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही, आणि रणांगणाचा नकाशा उलटा होऊन बसतो. म्हणून खोली तपासली तरी दिशा वेगळी तपासा. पाटीवरची अक्षरं सगळ्यात उत्तम. ती नसतील तर अधिकाऱ्याची तलवार बघा, ती डाव्या कमरेला लटकते. कोटाची बटणंही सांगतात.

आता कपाळ दुखण्याचं. डोळ्यांना आडवी सरक हवीच असते, ती ते मजेने पचवतात. उभी सरक मात्र त्यांना मुळीच सोसत नाही. एक डोळा वर आणि एक खाली नेण्याची आपल्याला सवय नाही, म्हणून डोळ्यांचे स्नायू झगडत राहतात आणि ती कळ कपाळात जाते. दोन वेगळ्या प्लेटींचे दोन वेगळे स्कॅन जोडताना उभी सरक तीन वाटांनी शिरते: एक चित्र वर-खाली बसलेलं असतं, एक चित्र किंचित कलतं असतं, किंवा एक चित्र दुसऱ्यापेक्षा जरासं मोठं असतं. तिसरं कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. त्या काळची दोन भिंगं अगदी एकसारखी असतीलच असं नाही, आणि दोन स्कॅन एकाच मापाने झाले असतील असंही नाही.

क्रम असा ठेवा. आधी कल काढा. दोन्ही चित्रांत क्षितिजाजवळच्या, एकमेकींपासून लांब असलेल्या त्याच दोन खुणा निवडा आणि त्यांना जोडणारी रेघ दोन्हीकडे एकाच कोनात येईपर्यंत एक चित्र फिरवा. जवळच्या खुणा घेऊ नका. मग आकार. इथे अंतर नेहमी उभं मोजायचं, उदाहरणार्थ चर्चच्या छपरापासून पायापर्यंत. आडवं अंतर मोजलंत तर त्यात सरक मिसळते आणि तुम्ही खोलीलाच चूक समजून दुरुस्त करायला जाता. शेवटी वर-खाली. मी छापील कार्डावर अर्ध्या मिलिमीटरहून कमी फरक उरेपर्यंत थांबत नाही.

हे हाताने करायचा कंटाळा असेल तर जपानच्या मासुजी सुतो यांनी लिहिलेला स्टिरिओफोटो मेकर हा मोफत प्रोग्रॅम आहे. तो कल, आकार आणि उंची जुळवतो आणि आडव्या सरकेला हात लावत नाही. तो स्टिरिओसाठीच बनवलेला आहे म्हणून हे जमतं. फोटोशॉपमधली आपोआप जुळवण्याची सोय मात्र इथे वापरू नका. तिचं काम दोन चित्रं एकमेकांवर बसवणं हे आहे. ती चित्र ताणून-वाकवून बसवते आणि ज्या फरकासाठी आपण सगळा खटाटोप करतोय, तोच पुसून टाकते.

जुळणी झाली की कापणी. स्टिरिओ कार्डाची कला खरी इथे आहे, आणि जुन्या कारागिरांचा हात इथेच दिसतो. नेहमीचं कार्ड ७ इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच, म्हणजे साधारण १७८ बाय ८९ मिलिमीटर. त्यात दोन चित्रं प्रत्येकी सुमारे ७६ मिलिमीटर रुंद, एकमेकांना लागून. व्ह्यूअरमधून बघताना या दोन चौकटी मिळून एक खिडकी तयार होते आणि दृश्य त्या खिडकीपलीकडे असायला हवं. खऱ्या खिडकीत डावा डोळा बाहेरचं उजवीकडचं जरा जास्त पाहतो आणि उजवा डोळा डावीकडचं. तेव्हा डाव्या चित्राच्या उजव्या कडेला थोडं जास्त दृश्य ठेवा आणि उजव्या चित्राच्या डाव्या कडेला थोडं जास्त.

मोजून करायचं तर असं. चौकटीच्या कडेला टेकणारी सगळ्यात जवळची वस्तू निवडा. तिच्या दोन प्रतिमांमधलं अंतर दोन चौकटींमधल्या अंतराइतकंच, म्हणजे ७६, किंवा त्याहून थोडं जास्त हवं. ते कमी झालं तर ती वस्तू खिडकीच्या अलीकडे येते आणि चौकट तिला मधूनच कापते. डोळ्याला हे फार खटकतं. लांबच्या वस्तूंचं अंतर आपोआप जास्त येईल, ७८, ८०. ते ८२ च्या पुढे मी जाऊ देत नाही. पुढे गेलं की डोळे बाहेरच्या बाजूला ओढल्यासारखे होतात आणि पुन्हा कपाळ दुखतं. डंकर चर्चच्या चित्रात पुढची जमीन खालच्या कडेला अगदी जवळ येते, त्यामुळे ती खालची पट्टी थोडी कापावी लागली तर कापा.

इथे मोह होतो. निगेटिव्हमध्ये कडेला जे दिसतं ते जुन्या कार्डात कधीच नव्हतं: प्लेट धरलेल्या बोटाचा ठसा, कलोडियन ओतताना रिकामा राहिलेला कोपरा, वार्निशची ओघळलेली रेघ. ते सगळं अभ्यासाला मोलाचं आहे, आणि त्यासाठी पूर्ण स्कॅन वेगळा जपून ठेवा. कार्डात ते आणू नका. डाव्या प्लेटचा कोपरा आणि उजव्या प्लेटचा कोपरा सारखा नसतो, आणि एकाच डोळ्याला दिसणारी वस्तू व्ह्यूअरमध्ये लुकलुकत राहते.

डाग काढण्याचं काम यामुळेच साध्या फोटोपेक्षा फार वेगळं आहे. एका प्लेटवर गवतात ओरखडा आहे. साध्या फोटोत तुम्ही शेजारचं गवत उचलून त्यावर लावाल आणि कुणाला कळणार नाही. स्टिरिओत ते गवत फक्त एका डोळ्याच्या चित्रात बदललं. दुसऱ्या डोळ्याला तिथे वेगळी पाती दिसतात, मेंदू दोन्हींचा मेळ घालायला बघतो, तो बसत नाही आणि त्या जागी एक चमचमणारा ठिपका तरंगत राहतो. उपाय असा, की दुरुस्तीचा माल दुसऱ्या चित्रातून घ्यायचा. ओरखड्याची जागा दुसऱ्या प्लेटमध्ये शोधा, तिथला तुकडा उचला आणि त्या खोलीवर जितकी सरक आहे तितका आडवा सरकवून बसवा. सरक कळण्यासाठी ओरखड्याशेजारची धड असलेली एखादी पात दोन्हीकडे जुळवून पाहा. तुकडा एक-दोन पिक्सेल इकडेतिकडे झाला तर तेवढंच गवत जमिनीच्या वर उचललेलं किंवा खड्ड्यात गेलेलं दिसेल. प्रत्येक दुरुस्तीनंतर जोडी स्टिरिओत बघायची सवय लावा. आकाशातल्या डागांना एवढं जपावं लागत नाही, तिथे बहुतेक काहीच नसतं.

संगणकाकडून चित्र मोठं आणि 'स्पष्ट' करून देणारी नवी साधनं या कामात अजिबात वापरू नयेत, हे माझं ठाम मत आहे. ती साधनं नसलेला तपशील कल्पनेने भरतात, आणि डाव्या चित्रासाठी वेगळा, उजव्यासाठी वेगळा भरतात. तांत्रिक दोष तर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट आहे. गार्डनर आणि त्याचा सहकारी जेम्स गिब्सन लढाईनंतर दोन दिवसांत तिथे पोहोचले, मृतांचं दफन पुरतं होण्याआधी. त्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला छायाचित्रकार मॅथ्यू ब्रेडीच्या गॅलरीत ही चित्रं लागली तेव्हा लोकांनी युद्धात मेलेली माणसं अशी पहिल्यांदाच पाहिली. त्यांतली बहुतेक चित्रं स्टिरिओत घेतलेली होती. व्ह्यूअरला डोळे लावले की ती माणसं सपाट राहत नाहीत. त्यांच्या देहांना घेर येतो, हातांना वजन येतं. त्यांचे चेहरे एका प्रोग्रॅमने अंदाजाने रंगवावेत आणि आपण ते पाहून हळहळावं, हे मला सहन होत नाही. प्लेटमध्ये जे आहे तेवढंच छापा. तेच पुष्कळ आहे. ओल्या कलोडियनमध्ये इतका बारीक तपशील असतो, की नेहमीच्या आकाराच्या कार्डाला तो पुरून उरतो.

पॉझिटिव्ह करताना दोन गोष्टी सांभाळा. ही निगेटिव्ह अल्ब्युमेन कागदासाठी, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदासाठी बनवलेली होती. तो कागद उन्हात ठेवला की आपोआप काळवंडत जायचा, आणि काळवंडलेला भागच पुढचा प्रकाश अडवून सावल्या सांभाळायचा. अशा कागदाला गडद-फिक्यात खूप अंतर असलेली निगेटिव्ह लागते. म्हणून आजच्या ब्रोमाइड कागदावर किंवा साधं उलट करून हे चित्र फार कडक दिसतं, चेहरे पांढरे फट्ट आणि सावल्या काळ्या कुट्ट. सोळा बिटची टिफ फाइल घ्या, सावल्यांना आणि उजेडाला वक्ररेषेने (फोटो प्रोग्रॅममधलं 'कर्व्ह्ज') हळूहळू मऊ करा, आणि तीच वक्ररेषा आकडा न बदलता दोन्ही अर्धांवर लावा. मूळ प्लेटींचा दाटपणाच वेगळा असेल, तर आधी तो एका पातळीवर आणा आणि मग वक्ररेषा लावा.

दुसरी गोष्ट आकाशाची. कलोडियनला निळा रंग फार लवकर दिसतो आणि लाल-पिवळा जवळजवळ दिसतच नाही. म्हणून या चित्रांत आकाश कोरं असतं, झाडं काळी दिसतात. लोक तिथे ढग भरतात. भरू नका.

छपाईसाठी घरी पिगमेंट शाईचा चांगला प्रिंटर असेल तर उत्तम, नसेल तर आपल्या गावातली फोटो लॅब पुरते. लेझर प्रिंट किंवा ऑफसेट नको. त्यातल्या ठिपक्यांची जाळी भिंगातून दिसते आणि चित्रापुढे एक पडदा तरंगल्यासारखा वाटतो. १२ बाय १८ इंचाच्या एका कागदावर सहा कार्डं मावतात, त्यामुळे खर्चही फार होत नाही. दोन्ही अर्धं कायम एकाच कागदावर छापा, म्हणजे रंगात फरक पडणार नाही. लॅबवाल्याला सांगा की रंग दुरुस्ती बंद ठेवा. आणि एक सावधगिरी घ्याच: बिनकडेची प्रिंट काढताना मशीन चित्र दोन-तीन टक्के वाढवतं. तुमचे ७६ चे ७८ होतात, ८२ चे ८४ होतात आणि जुळवलेलं सगळं गणित ढासळतं. फाइलच्या कडेला शंभर मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवा आणि प्रिंट हातात आली की पहिल्यांदा पट्टीने ती मोजा.

रंगाला हलकी जांभळट-तपकिरी झाक दिली तर चालेल. सोन्याच्या क्षाराने टोन केलेला ताजा अल्ब्युमेन तसाच असायचा. आज जुन्या कार्डांवर दिसणारा पिवळेपणा हा वयाचा आहे, तो नव्या कार्डावर मुद्दाम आणण्यात अर्थ नाही.

ज्यांना खरोखर अल्ब्युमेनवरच छापायचं आहे त्यांनी स्कॅनवरून पारदर्शक फिल्मवर नवी निगेटिव्ह छापून घ्यावी आणि ती कागदाला टेकवून उन्हात कॉन्टॅक्ट प्रिंट काढावी. घरात मूळ काचेची प्लेट असली तरी तिला उन्हात फ्रेममध्ये दाबू नका. उष्णतेने वार्निश चिकट होतं, थर सुटतो आणि दाबाने काच तडकते.

अल्ब्युमेनबद्दल एकच गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तिच्यामुळे चांगली कार्डं बिघडतात. हा कागद पातळ असतो आणि ओला झाला की फुगतो, पण सगळीकडे सारखा नाही. तंतूंच्या दिशेने कमी आणि आडव्या दिशेने जास्त. चिकटवताना खळ लावली की तो पुन्हा ओला होतो. डावं चित्र एका दिशेने कापलेल्या कागदावर आणि उजवं दुसऱ्या दिशेने कापलेल्या कागदावर असेल, तर दोन्ही वेगवेगळे फुगून वाळतात. एक टक्का फरक पडला तरी ७६ मिलिमीटरमध्ये पाऊण मिलिमीटर झाला, म्हणजे आपण संगणकावर जो फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणला तो गोंदाच्या ब्रशाने परत आला. दोन्ही अर्धं कागदाच्या एकाच तावातून, एकाच दिशेने घ्या, सारखा वेळ ओलवा आणि लागोपाठ चिकटवा. लॅबच्या जाड प्लास्टिक कोटेड कागदाला हा त्रास नाही. त्याला आम्लरहित दुहेरी चिकटपट्टीही चालते. अल्ब्युमेनला मात्र गव्हाच्या सत्त्वाची खळच लावावी, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती बुरशी धरते म्हणून कार्ड पुरतं वाळल्याशिवाय पाकिटात घालू नये.

पुठ्ठा काळाला धरून निवडा. गार्डनरच्या १८६२ च्या चित्रांना सपाट, पातळ, चौकोनी कोपऱ्यांचा, फिकट पिवळा किंवा मलईच्या रंगाचा पुठ्ठा शोभतो. गोल कोपरे १८६८ च्या सुमारास आले. वाकवलेला जाड राखाडी पुठ्ठा तर त्याहून पुढचा. मागच्या बाजूला जुन्यासारखी दिसणारी मजकुराची चिठ्ठी लावायला हरकत नाही, पण १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या काळात विकलेल्या अमेरिकन फोटोंवर कराचं तिकीट लागत असे, आणि तसलं तिकीट छापून लावणं मला पटत नाही. संग्राहक त्याच तिकिटावरून कार्डाचं वय ओळखतात. त्याऐवजी मागे स्पष्ट लिहा: ही नवी प्रत आहे, अमुक साली केली, मूळ निगेटिव्ह अमुक संग्रहात, तिचा क्रमांक अमुक. पेन्सिलने नको, छापून घ्या, म्हणजे पुसलं जाणार नाही. कार्ड आज तुमच्या कपाटात आहे, पण उद्या मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात ते कुणाच्या हाती लागेल आणि कोणत्या किमतीला विकलं जाईल, हे आपल्या हातात नसतं.

तुम्ही पुढे भारताची चित्रं करायचा विचार लिहिला आहे, तर त्यासाठी जागा सांगतो. न्यू जर्सीचा शाळामास्तर जेम्स रिकल्टन स्टिरिओ कार्डं विकणाऱ्या अंडरवुड अँड अंडरवुड कंपनीसाठी हिंदुस्थानात फिरला होता, मुंबईतही त्याने काम केलं. त्या कंपनीच्या स्टिरिओ निगेटिव्ह पुढे पेनसिल्व्हेनियातल्या मेडव्हिलच्या कीस्टोन व्ह्यू कंपनीकडे गेल्या, आणि कीस्टोनचा साठा १९७० च्या दशकात मास्ट कुटुंबाने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या फोटोग्राफी संग्रहालयाला दिला. सुमारे साडेतीन लाख निगेटिव्ह आणि प्रती आहेत तिथे. त्यांतल्या बऱ्याच कॅलिस्फिअर या संकेतस्थळावर बघायला मिळतात. यादवी युद्धाच्या निगेटिव्हवर लायब्ररी ऑफ काँग्रेसला कुठलंही बंधन माहीत नाही असं ती स्वतः सांगते, रिव्हरसाइडचे नियम वेगळे आहेत. घरच्या व्ह्यूअरसाठी एखादं कार्ड करणं वेगळं, विकायचं किंवा पुस्तकात घ्यायचं असेल तर आधी त्यांना लिहून परवानगी आणि मोठी फाइल मागा.

रिकल्टनच्या काळाला वाकवलेलं कार्ड हवं. ते करायला जाड पुठ्ठा ओला करून वाकवू नका, तो वाळल्यावर वेडावाकडा होतो. दोन पातळ पुठ्ठे घ्या, मध्ये खळ लावा आणि एखाद्या मोठ्या गोल डब्यावर किंवा पाइपवर गुंडाळून, कापडी पट्टीने बांधून रात्रभर ठेवा. वाळल्यावर ती कमान टिकते. चित्रं तिच्या आतल्या, खोलगट बाजूला लावायची. कमान किती हवी याचा अंदाज येत नसेल तर व्ह्यूअरमध्ये आधी कोरं कार्ड लावून बघा. दोन्ही टोकं तारेच्या पकडीत न अडकता बसली आणि मधला भाग मागे दांडीला घासला नाही, म्हणजे पुरे.